रंगाखालचा ऐब

या सदरात आम्ही सहसा शाळा, अभ्यास, घरातली मुलं असे विषय घेतो. या महिन्यात गाडीबद्दल लिहिणार आहोत, आणि तीही साधीसुधी नव्हे. दोनच माणसांची, जमिनीला पोट टेकवत जाणारी स्पोर्ट्स कार. वाचक भगिनी म्हणतील, सरांना झालंय तरी काय? घाबरू नका, आमच्या दारात अजून दुचाकीच आहे. हप्त्यावर गाडी घ्यावी तर व्याज आलं, आणि व्याजावर आम्ही याच पानावर जे काही लिहून बसलोय ते मग आमच्याच गळ्यात येईल. तेव्हा गाडी आमची नाही. भानगड आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची आहे.

हा मुलगा (मुलगा कसला, त्याचीच मुलगी आता आठवीत आहे) यवतमाळात पांढरकवडा रोडला डेंटिंग-पेंटिंगची शेड चालवतो. शाळेत गणितात कच्चा होता, पण फळ्यावर कंपासशिवाय गोल काढायचा आणि तो गोल खरंच गोल असायचा. आज त्याच हाताने तो चेपलेले दरवाजे सरळ करतो. एका रात्री इशाच्या नमाजनंतर तो मशिदीच्या पायरीवर आमच्यासाठी थांबला.

"सर, पाच मिनिटं बोलायचं होतं."

"बोल की."

"शेडमध्ये एक गाडी आली आहे, टोचन करून. लय महागाची आहे. मालकाला विकायची आहे. म्हणतात, अशी कर की कोणाच्या बापाला कळू नये."

कळंबच्या अलीकडे रात्री रोही आडवा आला होता. (विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी: रोही म्हणजे नीलगाय. आमच्याकडे कपाशी, तूर, हरभरा यांचा हिस्सा शेतकऱ्याआधी हाच घेतो, आणि रात्री रस्त्यावर उभा राहिला की ट्रकलाही जुमानत नाही.) गाडीचं तोंड फुटलं. चालवणारे वाचले, अल्हम्दुलिल्लाह. तोंडाचं काम अवघड नाही, असं तो म्हणाला. अवघड ते खाली आहे. पुढच्या चाकाचा सगळा भार लोखंडी नळ्यांच्या ज्या सांगाड्यावर येतो, त्यातली एक नळी वाकली आहे आणि जोडापाशी तिला तडा गेला आहे. मालक म्हणतात, वेल्डिंग मार, वरून काळा अंडरकोट मार, विषय संपला. मजुरी ऐंशी हजार.

"मुलीच्या क्लासची फी भरायची आहे, सर. शेडचं भाडं तीन महिन्यांचं थकलंय. आणि मी नाही केलं तर नागपूरला दुसरा कोणीतरी करेलच. मग यात माझा गुनाह कसला?"

आम्ही त्याला लगेच उत्तर दिलं नाही. माहीत नसताना उत्तर देण्याची सवय वर्गात लागते, ती मशिदीच्या पायरीवर तरी आवरावी. म्हटलं, रविवारी शेडवर येतो, आधी गाडी दाखव.

रविवार येईपर्यंत आम्ही जरा वाचन केलं. गाड्यांवर वाचताना एक मौज कळली. कुठल्याही गाडीची बांधणी कशी आहे, हे सगळ्यात खरं तिच्या मालकाला ठाऊक असतं. कंपनी जाहिरात करते, पत्रकार दोन दिवस चालवून परत देतो. पाऊस कुठून गळतो, तिसऱ्या वर्षी काय खडखडतं, ते फक्त मालकाला माहीत. आणि त्याच मालकाच्या बोलण्यावर सगळ्यात कमी विश्वास ठेवावा लागतो, कारण त्याचे पैसे त्या गाडीत अडकलेले असतात.

मालकाच्या नाराजीतून एक अख्खी कंपनी उभी राहिल्याची गोष्ट मात्र इटलीत आहे. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी हा मूळचा ट्रॅक्टर बनवणारा माणूस. दुसरं महायुद्ध संपल्यावर १९४८ च्या सुमारास त्याने ट्रॅक्टरचा कारखाना काढला, पैसा आला, आणि हौसेने फेरारी घेतली. गाडी धावायची सुरेख, पण क्लच सारखा बिघडायचा. तो स्वतः सांगत असे की वैतागून त्याने आपल्याच कारखान्यात क्लच उघडला, तर तो जवळपास ट्रॅक्टरच्याच जातीचा निघाला. तक्रार घेऊन तो एन्झो फेरारीकडे गेला, आणि ट्रॅक्टरवाल्याने गाडीतलं शिकवू नये अशा अर्थाचं काहीतरी ऐकून परत आला. यात मीठमसाला किती ते अल्लाहला ठाऊक, पण १९६३ मध्ये त्याने स्वतःची स्पोर्ट्स कारची कंपनी काढली हे खरं आहे. यवतमाळच्या माणसाला ही गोष्ट पटकन पटेल. ट्रॅक्टरवाल्याला लोखंडातलं कळतं.

आपल्या महाराष्ट्रातही अशी गाडी झाली. मुंबईचे गाड्यांचे डिझायनर दिलीप छाब्रिया यांनी २०१२ च्या जानेवारीत दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये 'अवंती' दाखवली, तेव्हा आमच्या शाळेतल्या पोरांनीही तिचे फोटो वह्यांना लावले होते. पुढे ती पुण्याजवळ तळेगावला बनू लागली. इंजिन रेनो कंपनीचं, दोन लिटरचं, टर्बो, सीटच्या पाठीमागे बसवलेलं, ताकद सुमारे अडीचशे अश्वशक्ती. किंमत पस्तीस लाखांच्या आसपास. आपले स्पीड ब्रेकर ध्यानात घेऊन तिचं पोट जमिनीपासून १७० मिलिमीटर वर ठेवलं होतं, म्हणजे अशा जातीच्या गाडीला पुष्कळच. दिसण्याबद्दल लोकांनी भरभरून गुण दिले. बारीकसारीक कामाबद्दल, म्हणजे तुकडे एकमेकांशी नीट जुळणं, आतलं प्लास्टिक, शिवण यांबद्दल परीक्षण करणाऱ्यांनी हात आखडता घेतला. तिच्याआधी, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, गोव्यात 'सॅन स्टॉर्म' नावाची छोटी उघड्या टपाची दोन माणसांची गाडी तयार होत असे. तिचंही अंग फायबरचं आणि इंजिन रेनोचंच, पण बाराशे सीसीच्या आतलं. तीही थोडीच विकली गेली.

अवंतीच्या नावाला पुढे वेगळंच गालबोट लागलं. २०२० च्या डिसेंबरात मुंबई पोलिसांनी छाब्रियांना अटक केली. एकच गाडी एकाहून अधिक ठिकाणी नोंदवून तिच्यावर कर्ज उचललं गेलं, असा आरोप होता. आरोप म्हणजे गुन्हा शाबीत झाला असं नव्हे, आणि निवाडा करणारे आम्ही कोण? आम्ही ते लिहितोय एवढ्यासाठी की गाडी जुनी घ्या वा नवी, पुस्तकावरचा चेसिस नंबर आणि लोखंडावर कोरलेला चेसिस नंबर स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून घ्या. आमच्यातले किती जण वाकून बघतात? आम्ही तर आजवर कधी बघितला नव्हता.

शेडमधली गाडी अवंती नव्हती आणि सॅन स्टॉर्मही नव्हती. कोणती होती ते लिहीत नाही. रोही आडवा आला यात कंपनीचा काय दोष?

रविवारी सकाळी शेडवर गेलो. लाल रंगाची गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली, तोंड उघडं. शेजारी एक मालवाहू टेम्पो आणि एक जुनी जीप. त्या दोघांत ती अशी दिसत होती, जणू वरातीतली नवरी चुकून कापसाच्या जिनिंगमध्ये आली आहे. आमच्या विद्यार्थ्याने आम्हाला स्टूल दिलं, आणि मग उलटं झालं. तो मास्तर आणि आम्ही विद्यार्थी.

"सर, आधी फट बघायची," तो म्हणाला. बॉनेट आणि मडगार्ड यांच्यामधली फट, दरवाजा आणि खांब यांच्यामधली फट. डाव्या बाजूला जितकी, उजव्या बाजूला तितकीच हवी, आणि वरपासून खालपर्यंत सारखी. मोठ्या कारखान्यात पत्र्याचा दरवाजा प्रचंड दाबाच्या साच्यात एका ठोक्याला निघतो, म्हणून पहिला आणि लाखावा दरवाजा सारखाच. अशा थोड्या संख्येने बनणाऱ्या गाड्यांत फायबरची जाळी साच्यात हाताने अंथरतात, वर रसायन ओततात, वाळू देतात, कडा हाताने घासतात. म्हणून दोन दरवाज्यांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक कारखान्यातूनच येऊ शकतो. "म्हणजे या गाडीत फट वाकडी दिसली म्हणून ॲक्सिडेंटच झाला असं नाही म्हणता येत. साध्या गाडीत म्हणता येतं."

मग त्याने खिशातून लोहचुंबक काढलं आणि शेजारच्या जीपच्या दरवाज्यावर फिरवलं. चिकटलं, चिकटलं, आणि एका जागी सुटून खाली पडलं. "इथे लांबी भरली आहे. पत्रा खाली गेलाय, वर जाड थर." ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: खड्डा बुजवायला जो मलम भरतात, घासून गुळगुळीत करतात आणि वर रंग मारतात, त्याला लांबी म्हणतात. लाल गाडीला चुंबक काहीच सांगत नाही, कारण फायबरला ते चिकटतच नाही. तिथे बोटाच्या सांध्याने ठोकून ऐकायचं. त्याने ठोकून दाखवलं. एका जागी आवाज पोकळ, एका जागी भरलेला, मुका. फायबर गंजत नाही हा त्याचा गुण. पण पत्रा चेपतो, फायबर फुटतं. आणि फुटण्याआधी रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा येतात. त्या भेगांवर नुसता रंग मारला तर सहा महिन्यांत परत वर येतात.

अजून बरंच दाखवलं. बॉनेटच्या बोल्टच्या डोक्यावरचा रंग खरचटला असेल तर बोल्ट कधीतरी उघडला आहे. दरवाज्याचं रबर ओढून खाली बघावं, कारखान्याच्या वेल्डिंगचे ठिपके ओळीत आणि सारख्या अंतरावर असतात, हाताचे नसतात. रबरावर रंगाचे शिंतोडे दिसले तर रंग कारखान्यातला नाही. काचांच्या कोपऱ्यात बनल्याच्या वर्षाची खूण असते, एकच काच वेगळ्या वर्षाची असेल तर ती का बदलली ते विचारावं. हे सगळं पाहायला पाना लागत नाही. आमच्या वाचकांपैकी ज्यांना जुनी गाडी घ्यायची आहे त्यांनी हा परिच्छेद कापून पाकिटात ठेवावा, आणि लग्नाच्या घाईत भाच्याने दाखवलेली गाडी सायंकाळच्या अंधारात तर मुळीच घेऊ नये.

शेवटी त्याने आम्हाला खाली वाकवलं. या वयात गाडीखाली डोकं घालणं सोपं नाही. टॉर्चच्या उजेडात नळी दिसली. तडा केसासारखा होता, बोटभर लांब. आम्हाला तर तो ओरखडाच वाटला असता.

"एवढाच?" आम्ही विचारलं.

"एवढाच, सर. खड्ड्यात चाक आदळलं की थोडा थोडा वाढणार. वेल्डिंग मारली तरी शेजारचं लोखंड पहिल्यासारखं राहत नाही. नळी पूर्ण बदलायला पाहिजे. त्याला खर्च आहे आणि नळी मिळायला वेळ. मालकाला दोन्ही नको."

इतक्यात मालक आले. शेजारच्या जिल्ह्यातले ठेकेदार, वय पन्नाशीचं, दिलखुलास माणूस. लोक त्यांना हाजीसाहेब म्हणतात. आम्ही शिक्षक आहोत, गिऱ्हाईक नाही, हे कळल्यावर तर त्यांनी मनच मोकळं केलं. चहा मागवला आणि गाडीचं पुराण सुरू झालं.

"सर, नावावर जाऊ नका. पहिल्या पावसात टपाच्या जोडातून पाणी मांडीवर. दरवाजा उचलून लावावा लागतो, नाहीतर लागत नाही. इंजिन पाठीमागे, त्यामुळे मे महिन्यात पाठ भाजते, ए.सी. कितीही लावा. एक दिवा फुटला तर दोन महिने थांबलो. गल्लीत उभी केली की पोट्टे हात लावून जातात, म्हणून चौकीदार ठेवला. बेगम एकदाच बसल्या. म्हणाल्या, हे तर कबरीत उतरल्यासारखं आहे, मला ऑटोने जाऊ द्या."

आम्ही खूप हसलो. तेही हसले. मग विचारलं, घेतली कशाला? ते थोडा वेळ गाडीकडे बघत राहिले. "सर, माझे अब्बा सायकलच्या दुकानात पंक्चर काढायचे. मी ही गाडी घेऊन पहिल्यांदा त्या चौकातून गेलो ना, तेव्हा सगळे उभे राहिले होते."

हे मात्र त्यांनी खरं सांगितलं. आम्हाला तो माणूस त्या क्षणी आवडला. गाडीच्या कारागिरीवर मालकांची मतं ऐकताना हे विसरता येत नाही की काही गाड्या प्रवासासाठी घेतलेल्याच नसतात. चौकात थांबून बघणाऱ्यांसाठी घेतलेल्या असतात. त्यांच्या सांध्यांतून पाणी गळलं तरी मालक सांगत नाही, कारण मग चौकही गळाल्यासारखा वाटतो.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नागपूरची पार्टी होती. हाजीसाहेबांनी आवाज बदलला.

"वालेकुम अस्सलाम भाईजान! अहो मक्खन गाडी आहे, मक्खन. ॲक्सिडेंट? तौबा! साधा ओरखडा नाही. पावसाळ्यात काढतच नाही मी बाहेर. घरच्यांची तर जान आहे तिच्यात, द्यायलाच तयार नव्हते. थोडा टच-अप चाललाय, आठ दिवसांत आणून दाखवतो."

चहाचा कप अजून गरम होता. त्याच तोंडातून, त्याच स्टुलावर बसून, पाच मिनिटांच्या आत गाडीबद्दलची दोन मतं आम्ही ऐकली. फोन ठेवल्यावर त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि जरा ओशाळून म्हणाले, "धंदा आहे, सर. घेणाराही डोळे घेऊन येतो. त्याने बघावं ना."

घेणाऱ्याने बघावं. हे वाक्य आपल्या बाजारात इतकं मुरलंय की ते वाईट आहे असं कोणाला वाटतही नाही. त्याला आम्ही तिथे काही बोललो नाही. वयाने जवळपासचा माणूस, त्याच्या पैशाचा चहा हातात. आमच्यात तेवढी हिंमत नव्हती. ते गेल्यावर बोललो, आणि बोललो ते विद्यार्थ्याशी.

प्रेषित मुहम्मद (स.) मदिनेच्या बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून बघतात आणि आतून ओलं लागतं, हा प्रसंग आपल्या घरातलं लहान मूलही सांगेल. व्यापारी म्हणाला, पाऊस लागला. त्यावर विचारणा झाली ती एवढीच, की मग ओलं वर का ठेवलं नाही, लोकांना दिसलं असतं. त्याला हा प्रसंग ठाऊक होता. तो म्हणाला, "पण सर, तो विकणाऱ्याचा सवाल झाला. विकणारा मी नाही. मी तर मजुरीवाला."

मग आम्ही त्याला हजरत वासिला बिन असका (रजि.) यांची गोष्ट सांगितली. इमाम गझालींनी ती 'इह्या'मध्ये दिली आहे. बाजारात एक माणूस उंटीण विकत होता, वासिला (रजि.) जवळच उभे होते. त्यांचं लक्ष दुसरीकडे गेलं तेवढ्यात सौदा झाला, आणि घेणारा उंटीण घेऊन चालू लागला. वासिला (रजि.) त्याच्या मागे ओरडत धावले. विचारलं, ही मांसासाठी घेतलीस की सवारीसाठी? सवारीसाठी, तो म्हणाला. मग तिच्या खुराला ऐब आहे, मी स्वतः पाहिला आहे, लांबची मजल तिला झेपणार नाही. घेणारा परत आला, विकणाऱ्याला किंमत कमी करावी लागली. तो चिडला, की तुम्ही माझा सौदा बिघडवलात. तेव्हा त्यांनी सांगितलं, की ऐब लपवून विकणं जसं हलाल नाही, तसं ज्याला तो ऐब ठाऊक आहे त्याने गप्प बसणंही हलाल नाही, हे आम्ही अल्लाहच्या रसूलांकडून ऐकलं आहे.

विद्यार्थी बराच वेळ हातातला पॉलिश पेपर चोळत बसला. मग म्हणाला, "सर, ते वासिला साहेब तिसरे होते ना? विकणारे नाही, घेणारे नाही."

"हो."

"आणि ऐब पायात होता."

"पायात."

"पण त्यांनी धावत जाऊन गाठलं. मी नागपूरला कोणामागे धावू? मला त्या पार्टीचं नावही माहीत नाही."

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर त्याच्या जागी आम्ही असतो तर काय केलं असतं, तेही ठाऊक नव्हतं. पगार पहिल्या तारखेला बँकेत जमा होणाऱ्याने, तीन महिने भाडं थकलेल्याला गोष्टी सांगणं सोपं असतं. पण एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. यवतमाळ, पुसद, दिग्रस, वणी, उमरखेड, कुठेही जा, डेंटर, पेंटर, वेल्डर, गॅरेजवाले यांत आपली पोरं शेकड्यांनी सापडतील. हातात हुनर आहे, भांडवल नाही, शाळा दहावीच्या अलीकडे-पलीकडे सुटलेली. गावातल्या प्रत्येक गाडीच्या रंगाखाली काय आहे हे या पोरांना ठाऊक असतं. मांस हलाल आहे का हे आपण तीनदा विचारतो. लांबीच्या थराबद्दल, काळ्या अंडरकोटबद्दल कुठल्या बयानात कोणी बोलताना आम्ही ऐकलेलं नाही. आणि त्या पोरांच्या मजुरीचं काय, ती खरं सांगूनही त्यांना कशी मिळेल, यावर तर मुळीच नाही.

यवतमाळकरांना चांगल्या बांधणीचं मोल वेगळं शिकवायला नको. मूर्तिजापूर ते यवतमाळ धावणारी आमची शकुंतला आठवा. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत डबे ओढत होतं. त्यावर चकचकीत असं काहीच नव्हतं. सगळे बोल्ट, सगळे सांधे उघडे. जे झिजलं ते दिसायचं, म्हणून बदललं जायचं.

बहुधा यातूनच आमच्या विद्यार्थ्याला वाट सुचली असेल, किंवा नसेलही, तो हुशार आहेच. आठवड्याने त्याने फोन केला. हाजीसाहेबांना त्याने सांगितलं की तोंडाचं काम करतो, फायबर नीट जुळवतो, रंग असा मारतो की कारखान्याचा वाटेल. नळीला वेल्डिंगही मारतो, जोडपट्टी लावून. पण तिच्यावर काळं मारणार नाही. लाल प्रायमर मारून तशीच ठेवणार. काळ्या पोटाखाली तो लाल तुकडा, गाडी जॅकवर घेतली की आंधळ्यालाही दिसेल. आणि बिलावर लिहिणार, पुढच्या सांगाड्याची नळी जोडली आहे, बदलणं गरजेचं.

हाजीसाहेब खूप भडकले. गाडी उचलून नेतो म्हणाले. दोन दिवस फोन नाही. मग त्यांचा माणूस आला, की कर म्हणाले, पण बिलावर लिहू नको आणि चाळीस हजारांच्या वर मिळणार नाहीत. विद्यार्थ्याने बिलाचं सोडलं. लाल प्रायमरचं सोडलं नाही. उरलेलं मोबाईलवर फोटो काढून ठेवले, आधीचे आणि नंतरचे, तारखेसकट. चाळीसमधले पंचवीस मिळाले आहेत. मुलीच्या फीचा पहिला हप्ता भरला. भाडं अजून थकलेलंच आहे.

गाडी ट्रकवर चढून गेली तेव्हा तो आम्हाला म्हणाला, "सर, त्यांनी नागपूरला नेऊन काळं मारून घेतलं तर?"

"घेतीलही."

"मग?"

आम्ही काही बोललो नाही.

आता आमचंही सांगून टाकतो, नाहीतर हे सगळं लिहिण्याचा आम्हाला हक्क राहत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही आमची जुनी स्कूटर शाळेतल्याच एका सहकाऱ्याला विकली. ती ऑइल जाळायची. शंभर-दीडशे किलोमीटर झाले की निळा धूर सोडायची. विकायच्या दिवशी आम्ही ताजं ऑइल भरलं, पुसून चकाचक केली, आणि सहकाऱ्याने विचारलं तेव्हा म्हटलं, "घरची गाडी आहे हो, बघताय ना." खोटं एक अक्षर बोललो नव्हतो. या एका गोष्टीवर आम्ही इतकी वर्षं निवांत झोपलो.

शेडवरून आल्यापासून ती स्कूटर डोळ्यांपुढून हटेना. मागच्या जुम्याला सहकारी भेटले. आता ते निवृत्त आहेत. बाजूला घेऊन सगळं सांगितलं, पैसे परत करायची तयारीही दाखवली.

ते हसायलाच लागले. "अहो सर, ते तर मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

"मग तुम्ही दुरुस्त करून घेतली?"

"छे! इंजिन उघडायला पाच हजार सांगत होता. मी पण ताजं ऑइल भरलं आणि आर्णीच्या एका माणसाला देऊन टाकली."

आर्णीच्या त्या माणसाचा नंबर त्यांच्याकडे अजून आहे. आम्ही तो लिहून घेतला आहे.